वळणापलीकडचे अस्वल

जंगलातल्या पायवाटेवर चालणारा माणूस सेकंदाला जेमतेम सव्वा मीटर पुढे सरकतो. त्याच वाटेने उतारावरून येणारी माउंटन बाइक तेवढ्या वेळात नऊ-दहा मीटर कापते. अस्वलांच्या मुलखात सायकल चालवण्यातला जवळजवळ सगळा धोका या दोन आकड्यांच्या फरकात आहे. चालणाऱ्याचे बूट दगडांवर वाजतात, तो सोबत्याशी बोलतो, चढावर धापा टाकतो. त्याची चाहूल अस्वलाला आधीच लागते आणि ते बहुधा वाट सोडून निघून जाते. तिथे अस्वल होते हे त्या माणसाला कधी कळतही नाही. सायकलचे रुंद टायर मऊ मातीवरून जवळपास मुक्याने जातात. अस्वलाला चाहूल लागेपर्यंत सायकलच येऊन थडकलेली असते.

हा प्रश्न प्रामुख्याने उत्तर अमेरिकेतल्या रॉकी पर्वताचा आणि अलास्काचा, आणि तो फार जुनाही नाही. माउंटन बाइकिंग आकाराला आले ते सत्तरच्या दशकात, कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत. जाड टायरांच्या जुन्या सायकली डोंगरावर न्यायच्या आणि कच्च्या रस्त्याने सुसाट खाली आणायच्या, या वेडातून १९७६ मध्ये ‘रिपॅक’ नावाची उताराची शर्यत सुरू झाली. एका उतारातच ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि ते नव्याने भरावे लागे, म्हणून हे नाव पडले. कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर ग्रिझली अस्वल आहे खरे, पण त्या राज्यातले शेवटचे ग्रिझली १९२० च्या दशकातच संपले होते. खेळ सुरू करणाऱ्यांना वळणावर ग्रिझली आडवे येण्याची धास्ती नव्हती. योगायोग असा, की रिपॅकच्या आदल्याच वर्षी, १९७५ मध्ये, अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या ग्रिझलीला कायद्याचे संरक्षण मिळाले. यलोस्टोनच्या परिसरात तेव्हा दीडशेच्या आत ग्रिझली उरल्याचा अंदाज होता. आज तिथे हजाराच्या आसपास आहेत. गेल्या पन्नास वर्षांत खेळही वाढला आणि प्राणीही, आणि पसरता पसरता दोघे एकाच पायवाटेवर आले.

या गाठीभेटीला कायद्यानेही हातभार लावला. १९६४ च्या कायद्याने राखून ठेवलेल्या निर्मनुष्य वनक्षेत्रांत सायकलला बंदी आहे, आणि अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या बहुतेक पायवाटांवरही ती चालत नाही. साहजिकच सायकलस्वार उद्यानांना लागून असलेल्या राष्ट्रीय वनांत जातात. संख्या वाढल्यावर उद्यानाबाहेर पडणारी अस्वलेही त्याच वनांत येतात.

मोंटाना राज्यातले फ्लॅटहेड राष्ट्रीय वन हे असेच ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला पसरलेले जंगल. तिथे २९ जून २०१६ रोजी दुपारी दोन जण सायकलवर निघाले होते. पुढचा सायकलस्वार वनखात्याच्या सेवेतला अधिकारी होता, त्याच भागात वाढलेला, वाट पायाखालची. दाट झाडीतल्या एका वळणावर त्याची सायकल थेट ग्रिझलीवर आदळली. अस्वलाने त्याच्यावर हल्ला केला आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. मागून येणाऱ्या सोबत्याला समोरचे दृश्य दिसले, पण जवळ बचावाचे काहीच नव्हते. तो मागे हटला आणि मदत आणायला धावला.

पुढे तज्ज्ञांच्या चौकशी समितीने या घटनेचा बारकाईने अभ्यास केला. ग्रिझली पुनरुज्जीवनाचे काम तीन दशकांहून अधिक काळ सांभाळून त्याच वर्षी निवृत्त झालेले ख्रिस सर्व्हीन हे समितीचे प्रमुख होते. सायकलचा वेग ताशी ३२ ते ४० किलोमीटर असावा आणि अस्वल दिसल्यापासून धडकेपर्यंत एक ते दोन सेकंदच मिळाले असावेत, असा निष्कर्ष निघाला. तेवढ्या वेळात ब्रेकवरची बोटे धड आवळलीही जात नाहीत. सायकलस्वाराकडे बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला परतवणारा तिखट फवारा, नव्हता, पण या घटनेत असता तरी तो काढायला उसंत नव्हती. घटनास्थळी सापडलेल्या केसांच्या डीएनएवरून अस्वलाचीही ओळख पटली. तो १८ ते २० वर्षांचा नर होता. २००६ मध्ये संशोधनासाठी त्याला उद्यानात पकडून सोडले होते आणि माणसांना उपद्रव दिल्याची एकही नोंद त्याच्या नावावर नव्हती. दोन दशके माणसांच्या शेजारी राहून कुणाच्या वाटेला न गेलेला प्राणी! समितीच्या अहवालाचे मोल इथेच आहे. चवताळलेले अस्वल हे सोपे उत्तर बाजूला ठेवून त्याने वेग, वळण आणि झाडी यांकडे बोट दाखवले.

ग्रिझली धावून येते तेव्हा त्याच्या डोक्यात काय चाललेले असते, याचा अभ्यास कॅलगरी विद्यापीठातले प्राणिवर्तनतज्ज्ञ स्टीफन हेरेरो यांनी दीर्घकाळ केला. अस्वलांच्या हल्ल्यांची कारणे आणि ते टाळण्याचे उपाय यांवरचा त्यांचा ग्रंथ १९८५ मध्ये आला आणि पुढच्या सगळ्या मार्गदर्शक सूचना त्याच पायावर उभ्या राहिल्या. प्रत्येक अस्वलाभोवती एक अदृश्य वर्तुळ असते. माणूस वर्तुळाच्या बाहेर असेपर्यंत अस्वल त्याच्याकडे बघते, हुंगते, बहुधा निघून जाते. माणूस एकाएकी वर्तुळाच्या आत उगवला, की निघून जाण्याचा पर्याय अस्वलाच्या हिशेबातून गळतो आणि ते धोका मोडून काढायला पुढे येते. सोबत पिल्ले असतील किंवा जवळ शिकार पडलेली असेल तर हे वर्तुळ आणखी मोठे होते. २००० ते २०१५ या काळात जगभरात तपकिरी अस्वलांनी केलेल्या ६६४ हल्ल्यांचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला (ग्रिझली ही तपकिरी अस्वलाचीच उत्तर अमेरिकी शाखा). त्यात जवळपास निम्म्या हल्ल्यांमागे पिल्लांची आई होती. दर सात हल्ल्यांपैकी सहांत माणूस जखमी होऊन वाचला, एकात दगावला. हे आकडे वाचून घाबरण्याआधी दुसरा एक आकडाही पाहावा: यलोस्टोनमध्ये १९७९ पासूनचा हिशेब केला तर सुमारे २७ लाख भेटींमागे एका व्यक्तीला ग्रिझलीने जखमी केले आहे. मात्र हा आकडा मुख्यतः मोटारीतून फिरणाऱ्या आणि पायी चालणाऱ्या पर्यटकांचा आहे. सायकलस्वाराने त्यावर फार विसंबू नये.

कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात हा प्रश्न मोंटानातल्या घटनेच्या कितीतरी आधी उभा राहिला होता. मोरेन सरोवर आणि पॅराडाइज दरी यांना जोडणारी ‘हायलाइन’ ही वाट डोंगराच्या कुशीतून जाते. अरुंद, वळणांची, सायकलस्वारांची लाडकी. नेमक्या त्याच उतारावर बफेलोबेरीची झुडपे आहेत. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात ही आंबटकडू लाल फळे पिकली, की ग्रिझली मान खाली घालून तासन्‌तास ती ओरबाडत राहतात. एक अस्वल दिवसाला दोन लाखांपर्यंत बेऱ्या फस्त करते असे सांगतात. खाण्यात गुंगलेले अस्वल आणि वळणावरून येणारी मुकी सायकल, यांची गाठ पडायला आणखी वेगळे काही जुळून यावे लागत नाही. हेरेरो पितापुत्रांनी २००० मध्ये या एका वाटेपुरता स्वतंत्र अहवाल लिहिला. वाटेवरच्या एकूण वर्दळीत सायकलस्वार थोडे असूनही ग्रिझलीशी अकस्मात गाठ पडण्याच्या घटनांत त्यांचे प्रमाण जास्त का, याचे उत्तर त्यांना वेग आणि शांतता याच जोडगोळीत सापडले. उद्यानाने बेरीच्या हंगामात ही वाट बंद ठेवण्याचा मार्ग पत्करला. उद्यानातल्याच लेक लुईच्या परिसरातल्या इतर काही वाटांवर अस्वलांचा वावर वाढला, की किमान चार जणांनी एकमेकांना धरून जाण्याची सक्ती होते, आणि ती मोडणाऱ्याला दंड होतो. घोळका मोठा असला की आवाज मोठा होतो, आणि चार माणसांसमोर अस्वल सहसा पाय मागे घेते.

म्हणून वाटेचा नकाशा पाहण्याइतकेच अस्वलाच्या जेवणाचे वेळापत्रक पाहणे महत्त्वाचे. मार्च-एप्रिलमध्ये नर गुहांतून बाहेर येतात, पिल्लांसह माद्या त्यानंतर. तेव्हा वरचे डोंगर बर्फात असतात, त्यामुळे अस्वले दऱ्यांत, ओढ्याकाठी आणि हिमकडे कोसळून मोकळ्या झालेल्या उतारांवर कोवळे गवत खात फिरतात. जूनमध्ये एल्क हरणांची पाडसे जन्मतात. त्या सुमाराला कुरणांच्या कडा टाळाव्यात. जुलैच्या मध्यापासून बेऱ्या. ऑगस्टनंतर तर अस्वलाला हिवाळ्यासाठी चरबी साठवायची असते आणि दिवसाला वीस हजार कॅलरीपर्यंत खाणे पोटात ढकलायचे असते. या दिवसांत ते खाण्यापुढे काही ऐकत नाही, म्हणजे अक्षरशः ऐकू येत नाही. वाटेवर ताजी विष्ठा दिसली, ओंडके-दगड उलथलेले दिसले, जमीन नांगरल्यासारखी उकरलेली आढळली, तर सायकल वळवून परत फिरावे. एका जागी डोमकावळे घिरट्या घालत असतील आणि कुजका वास येत असेल, तर तिथे मेलेले जनावर आहे आणि बहुधा त्याचा मालकही आसपास आहे. अशा जागेवरून ‘जरा बघून येऊ’ म्हणणे हा यादीतला सगळ्यात वाईट निर्णय.

आवाजाबद्दल एक गैरसमज बाजारानेच पसरवला आहे. अस्वलांच्या मुलखातल्या दुकानांत छोट्या घंटा टांगलेल्या असतात; पिशवीला किंवा हँडलला बांधायच्या म्हणजे किणकिण ऐकून अस्वल दूर जाईल, अशी कल्पना. ही किणकिण बारीक असते, ओढ्याच्या खळखळाटात आणि वाऱ्यात विरून जाते. ऐकू आली तरी अस्वलाच्या लेखी तिला धोक्याचा अर्थ नसतो. माणसाच्या आवाजाला तो असतो. म्हणून आंधळ्या वळणाआधी, झुडपे वाटेवर वाकलेली असतील तिथे, ओढ्याजवळ आणि वारा समोरून येत असताना (कारण तेव्हा माणसाचा वासही मागे जातो) खणखणीत हाक द्यावी. तिकडचे लोक ‘हे बेअर!’ असे ओरडतात. ओरडण्याची भाषा कोणतीही चालते. मराठीतली आरोळी अस्वलाला तेवढीच समजते. कानात इअरफोन घालून जाणे म्हणजे दोन्ही बाजूंनी बहिरे होणे.

आवाजाने अस्वलाला वेळ मिळतो, ब्रेकने सायकलस्वाराला. वेगाचा नियम सोपा आहे: नजर जिथपर्यंत पोचते त्याच्या आत सायकल थांबली पाहिजे. मोकळ्या माळावर हा नियम आपोआप पाळला जातो. दाट झाडीत वीस मीटरपुढचे दिसत नसेल, तर ताशी ३५ किलोमीटरच्या वेगाने ते अंतर दोन सेकंदांत संपते, आणि डोळ्याने पाहून हाताने ब्रेक दाबेपर्यंतच त्यातला मोठा वाटा गेलेला असतो. उतारावरची लय मोडणे सायकलस्वाराच्या जिवावर येते हे खरे. उतारासाठीच तर चढ चढलेला असतो. ग्रिझलीच्या मुलखात मात्र उताराची मजा दूरवर दिसणाऱ्या वाटांवरच घ्यावी. गर्द झाडीतल्या सुसाट उताराला तिथे जागा नाही. विजेवर चालणाऱ्या सायकलींनी आणखी एक भर घातली आहे. पूर्वी निदान चढावर तरी सगळ्यांचा वेग पायी चालणाऱ्याइतका उतरायचा आणि धापांचा आवाज व्हायचा. आता चढही झपाट्याने आणि मुकाट्याने पार होतो.

पहाट, संध्याकाळ आणि रात्र या अस्वलाच्या हालचालीच्या वेळा. अलास्कातल्या अँकरेज शहराच्या हद्दीतच ‘फार नॉर्थ बायसेंटेनिअल पार्क’ नावाचे विस्तीर्ण जंगल आहे. तिथे जून २००८ मध्ये चोवीस तासांची सायकल शर्यत चालू होती. मध्यरात्र उलटल्यावर, ओढ्याकाठच्या वाटेवर, पंधरा वर्षांच्या एका मुलीवर तपकिरी अस्वलाने हल्ला केला. ती गंभीर जखमी झाली, मागून आलेल्या स्पर्धकाला सापडली आणि वाचली. उन्हाळ्यात सामन मासे ज्या ओढ्यांत चढतात, त्यांच्या काठच्या वाटा अस्वलांच्याही वाटा असतात. त्याच भागात ऑगस्टमध्ये आणखी एका स्त्रीवर हल्ला झाला. नेहमीची वाट आहे, शहरातली आहे, दिव्याचा उजेड आहे, या तिन्ही गोष्टींनी अस्वलाच्या दिनक्रमात काही फरक पडत नाही.

सगळी काळजी घेऊनही गाठ पडलीच, तर हाताशी असावा असा एकच भरवशाचा उपाय म्हणजे बेअर स्प्रे. त्याचा उगम मोंटाना विद्यापीठातल्या, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात झालेल्या संशोधनात आहे. चार्ल्स जोंकेल आणि त्यांची विद्यार्थिनी कॅरी हंट यांनी अस्वलाला इजा न करता परतवणाऱ्या अनेक गोष्टी तपासल्या आणि मिरचीच्या अर्कावर गाडी येऊन थांबली. फोडणीत लाल मिरची करपली की घरभर जो ठसका उठतो, त्याचेच हे दाबाखाली डब्यात भरलेले, शेकडो पटींनी जहाल रूप. अमेरिकेत अशा डब्याला पर्यावरण खात्याची नोंदणी लागते: तिखटपणा आणणारी कॅप्सायसिन-वर्गीय द्रव्ये १ ते २ टक्के, किमान २२५ ग्रॅम वजन, फवारा निदान साडेसात मीटर लांब जावा आणि सहा सेकंद टिकावा. माणसांपासून बचावासाठी पर्समध्ये ठेवायचा छोटा पेपर स्प्रे इथे कामाचा नाही. फवाऱ्याची लांबी आणि ढगाचा आकार दोन्ही तोकडे पडतात.

तो चालतो का, याचे उत्तर टॉम स्मिथ, हेरेरो आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दिले. अलास्कातल्या १९८५ ते २००६ दरम्यानच्या ८३ घटना त्यांनी तपासल्या. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत ९२ टक्के आणि काळ्या अस्वलांच्या बाबतीत ९० टक्के वेळा फवाऱ्याने अस्वलाचे वागणे तिथल्या तिथे थांबले, आणि जवळून गाठ पडलेल्या स्प्रेधारकांपैकी ९८ टक्के लोकांना अस्वलाकडून इजा झाली नाही. बंदुकीवर विसंबणाऱ्यांसाठी हे आकडे विचार करण्यासारखे आहेत: ताशी ५० किलोमीटरहून अधिक वेगाने झाडीतून अंगावर येणाऱ्या जनावरावर थरथरत्या हाताने अचूक नेम धरण्यापेक्षा समोर तिखटाचा ढग उभा करणे सोपे असते.

सायकलस्वारांची नेहमीची चूक डबा बाळगण्यात होते. तो पाठपिशवीच्या तळाशी जातो, नाहीतर पाण्याच्या बाटलीच्या जागी सायकलच्या सांगाड्यावर. सायकलवरून माणूस फेकला गेला, की डबा सायकलपाशी आणि माणूस अस्वलापाशी, अशी वाटणी होते. डबा अंगावरच असावा, छातीच्या पट्ट्यावर किंवा कमरेला, एका हाताने चटकन निघेल असा. सुरक्षेची खीळ अंगठ्याने काढण्याचा सराव घरी करावा. त्यासाठी मिरचीविना, नुसत्या दाबाचे डबेही मिळतात. अस्वल धावत येत असेल तर ते दहा-पंधरा मीटरवर असताना, किंचित खाली रोखून, एक-दोन सेकंदांचा फवारा मारावा, म्हणजे त्याला ढगातून यावे लागते. थांबले नाही तर पुन्हा मारावा. डबा उन्हात तापलेल्या मोटारीत ठेवू नये, तो फुटू शकतो. त्यावरची मुदतीची तारीखही पाहून घ्यावी. आणि डास पळवण्याच्या औषधासारखा तो तंबूवर किंवा कपड्यांवर मुळीच शिंपडू नये. हवेतल्या तिखटाने अस्वल पळते, पण जमिनीवर वाळलेल्या तिखटाचा वास त्याला उलट बोलावतो, हे स्मिथ यांनी अलास्कात पाहून १९९८ मध्ये नोंदवून ठेवले आहे.

प्रत्यक्ष समोरासमोर आल्यावर पहिली गोष्ट म्हणजे सायकलवरून उतरणे. पॅडल मारून निसटण्याचा मोह जबर असतो, पण सपाट वाटेवरही अस्वल सायकलला गाठते, आणि पळणाऱ्याचा पाठलाग ही त्याची उपजत प्रतिक्रिया आहे. सायकल आडवी धरून आपल्या आणि अस्वलाच्या मध्ये ठेवावी. दूरवर असेल आणि त्याने पाहिले नसेल तर आवाज न करता मागे फिरावे. उद्यानांचा नियम किमान शंभर मीटर अंतराचा आहे. त्याने पाहिले असेल तर शांत, सलग आवाजात बोलत, पाठ न दाखवता हळूहळू मागे सरकावे. अस्वल मागच्या पायांवर उभे राहिले तर तो हल्ल्याचा पवित्रा नव्हे. ते नीट बघायला आणि हुंगायला उभे राहते. धावून येणे पुष्कळदा नुसते हूल देण्यासाठी असते आणि ते काही पावलांवर थांबते. हूल की खरे, हे ओळखत बसण्याचे कारण नाही. दोन्हींना उत्तर एकच, फवारा.

त्यानंतरही अंगावर आलेच, तर पुढचे सगळे अस्वल कोणते आणि कशासाठी आले यावर अवलंबून असते. शाळेच्या पुस्तकातली दोन मित्र आणि अस्वलाची गोष्ट मराठी वाचकाला पाठ असते: एक झाडावर चढला, दुसऱ्याने मेल्याचे सोंग घेतले. गोष्ट अर्धी बरोबर आहे. अकस्मात दचकलेल्या किंवा पिल्लांसाठी धावलेल्या ग्रिझलीने प्रत्यक्ष झडप घातली, तर पालथे पडून, पाय फाकून, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफून, पाठीवरची पिशवी तशीच ठेवून निपचित राहावे. धोका संपला असे वाटले की ते निघून जाते. ते दूर गेल्याची खात्री होईपर्यंत हलू नये. काळ्या अस्वलाच्या बाबतीत मात्र हे सोंग महागात पडते, आणि झाडावर तर ते माणसापेक्षा सराईतपणे चढते. काळे अस्वल आकाराने लहान आणि स्वभावाने बुजरे असते, पण क्वचित एखादे माणसाला भक्ष्य समजून मागावर राहते. १९०० ते २००९ या काळात उत्तर अमेरिकेत काळ्या अस्वलांनी ६३ माणसे मारल्याचे हेरेरो आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडले. त्यांतले बहुतेक हल्ले भक्ष्यासाठी आणि बहुतेक एकट्या नराने केलेले होते. अशा अस्वलाशी, किंवा मुकाट्याने माग काढत आलेल्या कोणत्याही अस्वलाशी, हाताला लागेल त्याने सर्व बळ लावून झुंजावे, घाव नाकातोंडावर घालावेत. ओळख पटवायला रंग उपयोगाचा नाही, कारण काळी अस्वले तपकिरी आणि ग्रिझली काळपटही असतात. खांद्यावरचा उंचवटा, मध्ये खोलगट चेहरा, आखूड गोल कान आणि लांब नखे दिसली तर ग्रिझली.

लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांचा धोका सायकलवरून उतरल्यावर सुरू होतो. कॅनडातल्या रॉकी पर्वतापासून न्यू मेक्सिकोच्या दक्षिण टोकापर्यंत जाणारा ‘ग्रेट डिव्हाइड’ हा चार हजार किलोमीटरहून लांबीचा सायकलमार्ग मोंटानातल्या ओव्हँडो या चिमुकल्या गावातून जातो. जुलै २०२१ मध्ये तिथे मुक्काम केलेल्या एका अनुभवी सायकलस्वार महिलेला ग्रिझलीने पहाटे तंबूतून ओढून ठार केले. अस्वल रात्री तीनच्या सुमारास एकदा येऊन गेले होते. माणसांनी त्याला हाकलले, तंबूतले खाणे बाहेर काढले आणि पुन्हा झोप घेतली. तासाभराने ते परत आले. शेजारच्या तंबूतल्यांनी स्प्रे मारून त्याला पळवले, पण उशीर झाला होता. काही दिवसांनी कोंबड्यांच्या खुराड्यावर आलेल्या त्या अस्वलाला मारण्यात आले. फ्लॅटहेडच्या अस्वलाला मारले नव्हते. एकाने दचकून स्वतःचा बचाव केला होता, दुसरे माणसाच्या खाण्याच्या वासामागे आले होते, आणि वन्यजीव अधिकारी या दोन गोष्टींत कसून फरक करतात. मुक्कामाचा नियम असा, की खाणे, कचरा, टूथपेस्ट, सनस्क्रीन, वास येणारे सगळे काही तंबूपासून शंभर मीटरवर, अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात किंवा झाडाला उंच टांगून ठेवावे. हँडलवरची खाऊची छोटी पिशवी यात हमखास विसरली जाते. आणि एकदा येऊन गेलेले अस्वल परत येणार असे धरून तंबू हलवावा, जवळ पक्के छत असेल तर त्याखाली जावे. तंबूत शिरलेल्या अस्वलापुढे मेल्याचे सोंग घेऊ नये.

सायकलस्वाराच्या काळजीला वाट आखणाऱ्याच्या शहाणपणाची जोड हवी. बेरीच्या पट्ट्यातून, ओढ्याच्या काठाने, दाट झाडीतल्या वेगवान उतारावरून वाट नेली की अपघात नकाशातच काढून ठेवल्यासारखा होतो. वळणांवरची झुडपे छाटणे, उतार मोडून वेग कमी करणे आणि हंगामी बंदी हे उपाय स्वस्त आहेत. काही अधिवासांत मात्र सायकलची वाटच नको, ही सर्व्हीन यांच्यासारख्या जाणकारांची भूमिका सायकलप्रेमींना रुचत नाही. पण फ्लॅटहेडच्या त्या दोन सेकंदांकडे पाहता ती खोडून काढणे कठीण आहे.

महाराष्ट्रात आणि गोव्यात यातले काय लागू पडते? मेळघाट, ताडोबा, गडचिरोली, बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य आणि गोव्याचे म्हादई खोरे, इथे वावरणारे आपले अस्वल ग्रिझलीपेक्षा पुष्कळ लहान. पण वाघाच्या शेजारात घडलेले असल्याने दचकले की पळण्याऐवजी तुटून पडण्याकडे त्याचा कल अधिक. वारूळ फोडून वाळवी ओढून घेताना त्याचा स्वतःचाच एवढा आवाज होतो, की जवळ येणारा माणूस त्याला ऐकू येत नाही. मोहाची फुले पडण्याच्या दिवसांत पहाटेच्या अंधुक उजेडात माणूस आणि अस्वल एकाच झाडाखाली येतात, आणि तिथली बरीच दुखापत अशाच अकस्मात भेटीतून होते. जंगलातल्या वाटेवर मोठ्याने बोलत जाण्याची, उजाडल्याशिवाय मोहाखाली न जाण्याची खबरदारी इथेही तोच वेळ मिळवून देते. या जंगलांलगतच्या रस्त्यांवर सायकल नेणाऱ्यांना वेगाचा आणि आवाजाचा नियम जसाच्या तसा घेता येईल. स्प्रे मात्र इथे सहजी मिळत नाही.

मुलाबाळांकडे कॅलगरी, सिएटल किंवा डेन्व्हरला जाणाऱ्या आणि तिथून डोंगरात सायकल काढणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक व्यवहाराची गोष्ट. बेअर स्प्रे विमानात चालत नाही. केबिनमधल्या पिशवीत नाही आणि खाली जाणाऱ्या सामानातही नाही. तो तिथे पोचल्यावर विकत घ्यावा, बॅन्फ किंवा ग्लेशियरच्या परिसरात भाड्यानेही मिळतो. परतीच्या विमानाआधी तो यजमानांकडे ठेवून यावा.